चंपतरावांच्या साखरेचं इन्स्पेक्शन

चंपतराव काळबांडे यांना साखर झाली होती, आणि ते त्यांना मान्यही होतं. ती आपल्याला न विचारता झाली, हे मात्र मान्य नव्हतं. ते काम करत त्या पोलादाच्या प्लांटमध्ये साधा एक बोल्ट बदलायचा तरी परमिट लागतं, शटडाउन लागतो, दोघांच्या सह्या लागतात. आणि इथे एवढा मोठा आजार अंगात शिरला तो गेटपास न दाखवता! अशा पाहुण्याला कोणी बसा म्हणत नाही. चंपतरावांनीही म्हटलं नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी आठवण आली तर घ्यायची, सेक्टर सहाच्या बाजारात गरम जिलेबी दिसली की आठवण येऊ द्यायची नाही, आणि वर्षातून एकदा प्लांटच्या मेडिकलची तारीख लागली की मात्र जागं व्हायचं.

जागं व्हायचं म्हणजे कसं, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. मोठे साहेब तपासणीला येणार असले की कारखान्याच्या गावात काय होतं, हे अशा कुठल्याही गावात राहिलेल्या माणसाला विचारा. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, नर्सरीतून कुंड्या येतात, आणि जिथे वर्षभर भंगार पडलेलं असतं तिथे शेवंती डोलायला लागते. साहेब येतात, शेवंती पाहतात, मान हलवतात, जातात. दुसऱ्या दिवशी कुंड्या परत आणि भंगार पुन्हा आपल्या जागी. यात कोणी कोणाला फसवत नाही बरं का! साहेबांनाही ठाऊक असतं आणि माळ्यालाही ठाऊक असतं. चंपतरावांनी हीच रीत आपल्या रक्ताला लावली होती. मेडिकलच्या आधी चार दिवस भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, गोळी न चुकता. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि परतीच्या वाटेवर पावशेर जिलेबी घ्यायची. मागच्या वर्षी आकडा अठ्ठ्याण्णव आला होता.

"अठ्ठ्याण्णव!" जिलेबीचा पुडा सोडत त्यांनी बायकोला सांगितलं होतं. "शंभरातून!"

"अवो, ते काय गणिताचा पेपर होय?" पंचफुलाबाई म्हणाल्या होत्या. पण समोर जिलेबी असताना असल्या गोष्टी कोण मनावर घेतो!

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? तर त्याचं कारण रोल शॉपच्या छपराखाली टांगलेलं होतं. तिथे वरच्या रुळांवर एक क्रेन फिरते, आणि त्या क्रेनला चिकटलेली काचेची एक पेटी आहे. ती चंपतरावांची केबिन. त्यांचं अर्धं आयुष्य त्या पेटीत गेलं. हत्तीएवढ्या वजनाचे लोखंडी रोल, म्हणजे पोलाद लाटायची लाटणी, हुकाला लटकवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे आणि अलगद ठेवायचे, तेही असे की रोल जरासुद्धा झुलू नये. नवीन पोरांना ते सांगायचे, "माल झुलला तं एकदम ब्रेक नाई मारा लागत. मारला तं अजून झुलते. थो जिकडे जाते तिकडे हळूहळू त्याच्या मागं जा लागते, मंग आपोआप ऐकते." वरून खालच्या सगळ्यांची फक्त हेल्मेटं दिसायची. साहेबाचं काय आणि मजुराचं काय, डोक्यावरून माणूस सारखाच दिसतो, हे चंपतरावांचं तत्त्वज्ञान तिथेच तयार झालं होतं.

रिटायर व्हायला दीडेक वर्ष उरलं होतं. त्यांना त्या केबिनमधूनच रिटायर व्हायचं होतं. मेडिकलमध्ये अनफिट ठरलेल्या क्रेनवाल्याचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या शेडमधले कृष्णराव बीपीपायी खाली उतरवले गेले आणि टूल रूमच्या खिडकीत बसले. आलेल्याला पाना द्यायचा, परत आणला की घ्यायचा. चंपतराव एकदा त्यांना भेटायला गेले तर खिडकीच्या जाळीतून कृष्णराव म्हणाले, "चंपत, इथून काईच दिसत नाई रे." त्या दिवशी चंपतरावांना जेवण गेलं नाही.

यंदा तारीख लागली ती नेमकी पोळ्याच्या पाठोपाठ. पोळ्याला पंचफुलाबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि शेजारपाजारच्या छत्तीसगढी घरांतून ठेठरी-खुरमीची ताटं आली होती. ठेठरी तिखट म्हणून चंपतरावांनी सोडली आणि खुरमी गोड म्हणून संपवली. मुलगी मोना रायपूरला असते. तिने साखर मोजायचं यंत्र पाठवलं होतं, ते अजून डब्यातच होतं. ते काढून बोट टोचलं तर आकडा आला दोनशे सेहेचाळीस. चंपतरावांनी यंत्र उलटं करून पाहिलं. उलटूनही बरं दिसत नव्हतं.

"बाबा, रोज चेक करा ना, चार्ट बनवा," मोना फोनवर म्हणाली. "और सुनो, भूखे मत रहना. डॉक्टरले दाखवा पहिले." यातला पहिला भाग चंपतरावांनी घेतला आणि दुसरा तिथेच सोडला. सल्ला असाच घ्यायचा असतो.

सल्ल्याची तशी टंचाईही नव्हती. शेजारच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहणारे भैय्याजी हे रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. जन्म दुर्ग लाइनवर गेलेला. त्यांची साखर चंपतरावांच्या साखरेहून जुनी, त्यामुळे या विषयात ते स्वतःला सिनियर समजत.

"घाबरून नका जाऊ, चंपतभौ. तुमी तं आत्ता भरती झाले. मले पाहा, मी या डिपार्टमेंटात म्हातारा झालो."

"पण किती राहा लागते भैय्याजी? शुगर?"

"जितकी कमी तितकी चांगली! गाडीच्या लेटसारखं समजा. दोन घंटे लेटपेक्षा एक घंटा बरा, एक घंट्यापेक्षा धा मिनिट बरे."

हे चंपतरावांना एकदम पटलं. कुठलीही चुकीची गोष्ट इतक्या साध्या शब्दांत सांगितली की पटतेच.

मग मोहीम सुरू झाली. भैय्याजींनी कारल्याचा रस सांगितला. उतई गावच्या मेव्हण्याला ते कळलं, तर त्याने पोतंभर कारली पाठवली. बहिणीवर इतकं प्रेम त्याने भाऊबीजेलाही कधी दाखवलं नव्हतं. समोरच्या विजयाबाईंनी भेंडी भिजवलेलं पाणी सांगितलं. ते ग्लासातून ओठांपर्यंत तार धरून यायचं. जांभळाच्या बियांची पूड आली, मेथीदाणे आले. भैय्याजी म्हणाले भात म्हणजे जहर, तर विजयाबाई म्हणाल्या ताजा भात जहर, बासी खा. छत्तीसगढात माणूस रात्री भिजवलेला भात खाऊन दिवसभर उन्हात राबतो, त्याला कुठे शुगर होते? त्यावर भैय्याजी म्हणाले, थो राबते म्हणून नाई होत, हे आपले चंपतभौ तं बसल्या बसल्या हँडल फिरवतात. हे वाक्य चंपतरावांना फार लागलं. त्यांनी रागाने भातही सोडला आणि बासीही सोडली.

पंचफुलाबाईंच्या स्वयंपाकघराची तर दैना झाली. मिक्सरमध्ये केलेली खोबऱ्याची चटणीसुद्धा कडू लागायला लागली. त्या शेवटी कढई आपटून म्हणाल्या, "मी माणूस जेवू घालून राहिली का झाड? सकाळी पाला, दुपारी बिया, संध्याकाळी तं पाणीच!"

"चारच दिवस तं राहिले, बापा."

"मंग पाचव्या दिवशी काय होते? शुगर काय मेडिकलपुरती पाहुणी आहे?"

चंपतरावांनी कारल्याच्या रसाचा ग्लास उचलला आणि नाक धरून रिकामा केला.

रोज सकाळी व्हरांड्यात चंपतराव आणि भैय्याजी समोरासमोर बसून बोटं टोचू लागले. दोन म्हातारे पत्ते कुटायला बसावेत तसे. विजयाबाई झाडू हातात घेऊन स्कोअर विचारायला यायच्या. दोनशे सेहेचाळीसवरून एकशे ऐंशी, मग एकशे बत्तीस, मग एकशे चार. भैय्याजींचा आकडा एकशे दहाच्या खाली उतरेना, त्यामुळे ते जरा गप्प गप्प राहायला लागले. यामागचं गुपित चंपतरावांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी गोळी दुप्पट केली होती. एका गोळीने एवढं काम होतं, तर दोघींना कामावर लावलं की लवकर उरकेल, हा हिशेब प्लांटमध्ये कोणीही मान्य केला असता. गोळी पोटात जेवण असताना घ्यायची असते, हा तिचा नियम त्यांना ठाऊक होता. पण मोहिमेत जेवणच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार!

आणि मग, मेडिकलच्या आदल्या दिवशी, रोल शॉपमध्ये ते घडलं.

खाली राजदीप होता. राजदीप म्हणजे चंपतरावांचा जमिनीवरचा जोडीदार. खुर्सीपार वस्तीत राहणारा, पस्तिशीचा, दोन पोरींचा बाप. रोलला साखळी बांधायची, हुक अडकवायचा आणि हाताने वर इशारा करायचा, हे त्याचं काम. बोट वर करून फिरवलं की उचला, पंजा दाखवला की थांबा. त्या कल्लोळात बोलणं ऐकू येत नाही. इशारा समजला की क्रेनवाला पायाखालची घंटी एकदा वाजवतो, आणि मगच माल हलतो. इतकी वर्षं दोघांचा संसार त्या घंटीवर चालला होता.

त्या दिवशी राजदीपने बोट फिरवलं. घंटी आली नाही. त्याने पुन्हा फिरवलं. वर केबिनमध्ये चंपतराव त्याच्याकडेच पाहत होते, पण ते बोट आपल्याशी काही बोलतंय हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. कानामागून घाम ओघळत होता. तेवढ्यात भान आलं, आणि घंटी न देताच त्यांनी हँडल ओढलं. रोल हिसक्याने उचलला गेला आणि झुलला. चंपतरावांनी एकदम ब्रेक मारला. तसा तो आणखी झुलला. राजदीप चटकन रोल ठेवायच्या स्टँडच्या आड झाला, म्हणून रोल नुसता हवेतून गेला आणि परत आला.

कोणाला काही झालं नाही. माल जागेवर गेला, शिफ्ट संपली. शिडी उतरून चंपतराव खाली आले तेव्हा राजदीप हातमोजे झटकत उभा होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "आज माल झुलला."

बस, एवढंच. पण चंपतरावांना कोणी भर चौकात धोतर ओढल्यासारखं झालं. माल झुलला? चंपतराव काळबांड्याचा? "ब्रेक सरकून राहिला!" ते ओरडले. "कवापासून सांगून राहिलो, ब्रेक पाहा, ब्रेक पाहा, कोणी ऐकते का?" खरं तर त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. पण एकदा आवाज चढवला की मागच्या तारखेपासून सांगत असल्यासारखं वाटतं. त्यांनी फोरमनकडे तक्रार केली. इलेक्ट्रिकलची माणसं वर चढली, ब्रेक उघडला, तपासला, बंद केला. "काका, ब्रेक एकदम टॉप आहे," त्यांतला एक म्हणाला. "तुमाले कसं समजन?" म्हणून चंपतराव त्याच्यावरही ओरडले. राजदीप बाजूला उभा राहून सगळं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव मेडिकलला निघाले. रात्रीपासून पोटात फक्त कारलं होतं आणि त्यावर दोन गोळ्या. पंचफुलाबाई उपम्याची बशी घेऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"तोंड पाहा आपलं. पांढरं फट झालं. दोन घास खा."

"आज इन्स्पेक्शन आहे. आजच्या दिवस कुंड्या नाई हलवा लागत," असं म्हणून त्यांनी स्कूटर काढली.

दवाखान्यात गर्दी होती. रक्ताच्या खोलीकडे जावं तर कळलं की आधी डोळे. डोळ्यांच्या रांगेत उभं राहावं तर कळलं की आधी वजन. वजनाच्या खिडकीवर ओळखपत्र मागितलं, ते स्कूटरच्या डिकीत राहिलेलं. ते आणून वजन झालं, तर डोळ्यांची रांग तोवर व्हरांड्याबाहेर गेली होती. चंपतराव एरवी रांगेत शांत असतात. पण आज त्यांना प्रत्येकाचा राग येत होता: पुढच्याच्या टकलाचा, मागच्याच्या खोकल्याचा, पंख्याच्या आवाजाचा. डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी वाचली, पण तपासणाऱ्या बाईलाही तक्त्यावर सापडेनात अशी. ती चपापली आणि त्यांचा घामाने ओला झालेला हात धरून तिने त्यांना सरळ डॉक्टरांपुढे नेलं.

डॉक्टर स्वानंदी रायपूरच्या, वयाने मोनाएवढ्या. त्यांनी आधी बोट टोचलं. आकडा आला चोपन्न.

चंपतरावांचा चेहरा उजळला. "चोपन्न!" ते म्हणाले. "भैय्याजीची तं एकशे दहाच्या खाली येत नाई." आणि जिंकलेल्या माणसाच्या समाधानाने ते खुर्चीवरून हळूहळू खाली घसरू लागले.

शुद्ध पुरती गेली नाही. साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने पुन्हा बोट टोचलं, मग बिस्किटं खायला घातली. जग हळूहळू जागेवर आलं. साखर कमी करण्यासाठी रक्ताचं पाणी केलं, आणि शेवटी साखरेच्या पाण्यानेच माणूस उठला, हे पाहून चंपतरावांना फार शरम वाटली.

"काका, सकाळपासून काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई," चंपतराव म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"काल रात्री?"

"काईच नाई."

"आणि गोळी?"

"दोन."

डॉक्टर पेन ठेवून त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "काका, हा आकडा कमी आला म्हणून पहिला नंबर नसतो हो. साखर जास्त राहिली तर माणूस हळूहळू झिजतो. डोळे जातात, किडनी जाते, पायाची जखम भरत नाही. त्याला वर्षं लागतात. पण सत्तरच्या खाली गेली तर मेंदूलाच खायला मिळत नाही. त्याला वर्षं लागत नाहीत. चक्कर यायला रस्त्यात स्कूटरवरसुद्धा आली असती. साखर लागते, काका. फक्त मापात लागते."

शिवाय यंदा मेडिकलमध्ये आणखी एक तपासणी होती. रक्तातल्या पेशी तीनेक महिने जगतात आणि त्या काळात जेवढी साखर रक्तात असते तेवढी त्यांना चिकटून बसते. ही तपासणी ती चिकटलेली साखर सांगते. त्यामुळे तिला उपाशी राहणं, न राहणं सारखंच. चंपतराव ऐकत राहिले. म्हणजे हा साहेब शेवंती बघायला थांबतच नव्हता. तो थेट मागच्या बाजूला जाऊन भंगार पाहत होता. दुपारी तो आकडा आला: नऊ पूर्णांक चार. सातच्या आसपास हवा होता.

"आता खरं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "असा घाम, असं भान हरपणं, कामावर कधी झालं होतं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? कोणी पाहिलं नव्हतं. क्रेनच्या केबिनमध्ये माणूस एकटा असतो. नाही म्हटलं असतं तर एखादी चिठ्ठी, एखादी गोळी, आणि कदाचित केबिन राहिलीही असती. चंपतरावांच्या ओठांवर 'नाई' आलंही होतं. पण डोळ्यांसमोर बोट आलं. वर केलेलं, फिरणारं, घंटीची वाट पाहणारं राजदीपचं बोट. आपण त्याच्याकडे पाहत होतो आणि आपल्याला ते कळत नव्हतं.

"ब्रेक चांगला होता," ते म्हणाले.

"काय?"

"ब्रेक चांगला होता, मॅडम. मीच झुललो होतो." आणि भरल्या दवाखान्यात चंपतराव काळबांड्यांना रडू फुटलं.

डॉक्टरांचा निकाल आला: तीन महिने खाली. मग पुन्हा तपासणी, मग बघू. कागद घेऊन ते आधी रोल शॉपमध्ये गेले. राजदीपला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, दोन गोळ्यांसकट. राजदीप ऐकून घेऊन म्हणाला, "मले वाटलंच होतं काका. कुछ तो गडबड है. तुमी माल नाई झुलवत."

"मंग तू बोलला कावून नाई? मी ब्रेक ब्रेक करून राहिलो, तू चूप!"

राजदीपने मान खाली घातली. "तुमाले राग आला असता."

"माह्या रागाले भिऊन तू रोलखाली उभा राहिला असता?" चंपतरावांनी विचारलं. राजदीप हसला नुसता. त्या वेळी दुसरा क्रेनवाला डोक्यावरून रोल घेऊन जात होता. चंपतरावांनी वर पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी रोल वरून पाहिला होता. खालून रोलचं पोट कसं दिसतं ते त्यांना माहीतच नव्हतं. ते दोन पावलं मागे सरकले, आणि मग लक्षात आलं की राजदीप सरकलाच नव्हता. त्याला सवय होती. ती सवय चंपतरावांवरच्या विश्वासाने लागली होती, हे त्याहून वाईट.

टूल रूमच्या खिडकीत कृष्णरावांनी आपल्या बाकावर जागा करून दिली. "ये," ते म्हणाले, "पाने आहेत बम, दोघाले पुरतील." दोघे जण पाने देत बसले. कृष्णरावांनी आपला डबा उघडला तर त्यात अळणी भाजी होती, आणि ती ते मजेत खात होते. चंपतरावांना त्या माणसाचं आजवर नुसतं वाईट वाटलं होतं. त्याने बीपी कसं सांभाळलं आहे हे कधी विचारलं नव्हतं.

घरी पंचफुलाबाईंनी कारभार हातात घेतला. चंपतराव हात जोडून म्हणाले, "आता पक्कं. गोड बंद, भात बंद, सगळं बंद."

"झाला पुन्हा ब्रेक!" त्या म्हणाल्या. "तुमीच तं पोरांले सांगता ना, झुललेल्या मालाले एकदम ब्रेक नाई मारा लागत म्हणून? त्याच्या मागं हळूहळू जा लागते. मंग तुमचं रक्त काय वेगळं आहे?"

आपलंच वाक्य आपल्या बायकोच्या तोंडून ऐकणं ही मोठी अवघड गोष्ट असते. त्यातून ते तिच्या तोंडी जास्त शोभत होतं.

मग काही मोठं घडलं नाही, आणि तेच घडलं. भात ताटातून गेला नाही, अर्धा झाला. उरलेली जागा वरणाने आणि भाजीने घेतली. गोळी एकच, आणि तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, जेवणासोबत. जेवणं वेळेवर. संध्याकाळी जेवून दोघं सेक्टरच्या रस्त्याने चालून यायची. पंचफुलाबाई भराभर चालायच्या आणि चंपतराव मागून "अवं, थांब ना" करायचे. कारली उरली ती भाजी म्हणून खाल्ली. दिवाळीत एक अनारसा खाल्ला, आणि दुसऱ्याकडे पाहून पाहून शेवटी चहा बिनसाखरेचा घेतला.

व्हरांड्यातला सामना बंद पडल्याने भैय्याजी नाराज झाले. "चंपतभौ, स्कोअर नाई सांगत आजकाल?"

"भैय्याजी, एक सांगा. गाडी लेट झाली तं वाईट. पण टायमाच्या आधी सोडली तं?"

"अरे बापा!" भैय्याजींनी छातीवर हात ठेवला. "पब्लिक प्लॅटफॉर्मवर, अन् गाडी गेली! थो तं सगळ्यात मोठा गुन्हा. मेमो भेटते, मेमो."

"मले भेटला," चंपतराव म्हणाले. त्या दिवशी भैय्याजींनी नाश्ता वेळेवर केला असं त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं.

तीन महिन्यांनी तपासणीच्या सकाळी चंपतराव उठले, बसले, आणि उपमा मागितला. पंचफुलाबाई चमच्यासकट थबकल्या. "आज रक्त द्यायचं ना?"

"द्यायचंच आहे. रोज खातो तेच खाऊन जातो. पाहू दे त्याले काय पाहायचं ते." आकडा आला सात पूर्णांक एक. डॉक्टर स्वानंदींनी सूचनांचा लांबलचक पाढा वाचला आणि सही केली. चंपतराव त्या दिवशी जिलेबीच्या दुकानावरून गेले, थांबले, वास घेतला आणि घरी आले.

ते पुन्हा केबिनमध्ये चढले त्या दिवसापासून राजदीपने एक नवा इशारा काढला. क्रेनच्या कुठल्याही नियमात तो नाही. पहिला जड माल उचलायच्या आधी तो पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेतो. म्हणजे, जेवले का? वरून घंटी एकदा वाजते. मग बोट वर फिरतं.

मागच्या महिन्यात मोठे साहेब तपासणीला आले. शेडमध्ये शेवंतीच्या कुंड्या, पिवळ्या रेघांवर ताजा रंग, सगळे रांगेत उभे. साहेबांची गाडी उशिरा आली, त्यामुळे डब्याची वेळ टळून गेली होती. फोरमनने घाईने खूण केली, राजदीपने साखळी अडकवली, आणि सगळ्या हेल्मेटांच्या मधोमध उभं राहून पाची बोटं तोंडाकडे नेली.

घंटी वाजली नाही.

सगळे वर पाहू लागले. साहेब वर पाहू लागले. काचेच्या पेटीत चंपतराव डबा उघडून शांतपणे पोळीचा घास मोडत होते. हेल्मेटखाली फोरमनचा चेहरा उतरून कुंडीतल्या मातीसारखा झाला.

"क्या प्रॉब्लम है?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं सर," राजदीप वर पाहत म्हणाला. "ब्रेक चेक हो रहा है."

साहेबांनी मान हलवली. खाली सगळे थांबले. थोड्या वेळाने वर डब्याचं झाकण लागलं, घंटी एकदा वाजली, राजदीपने बोट फिरवलं, आणि रोल सरळ वर गेला.